बंग्याचा शेतकरी : सरदार अर्जुनसिंह व त्यांचे घराणे

नोकरीच्या निमित्ताने चंडीगड व त्याच्या आसमंतात येऊन राहिलेल्या मराठी कुटुंबांना भगतसिंहांचे नाव नव्याने सांगावयास नको. येथील विमानतळाला २०२२ साली त्यांचेच नाव देण्यात आले. पुण्याजवळच्या खेडचे राजगुरू त्यांच्याबरोबर फासावर चढले, हे तर आपल्यापैकी प्रत्येकाने शाळेत असतानाच वाचलेले आहे. परंतु या घराण्याची कथा लाहोरच्या तुरुंगापाशी सुरू होत नाही. ती सुरू होते एका शेतात. त्या शेताचा धनी, भगतसिंहांचे आजोबा सरदार अर्जुनसिंह, यांच्याकडे आमच्या मते चरित्रकारांनी द्यावे तितके लक्ष दिलेले नाही. म्हणून या स्मरणिकेच्या वाचकांपुढे आम्ही त्यांनाच आणीत आहोत.

मुल्लानपूरहून रोपड, बलाचौर, नवांशहर असे वायव्येस जाऊ लागले, की दोन-अडीच तासांत खटकर कलां लागते. हे अर्जुनसिंहांचे मूळ गाव. घराणे त्याहीपूर्वी अमृतसर जिल्ह्यातील नारली या गावचे, असे सांगतात. वडील फत्तेसिंह रणजितसिंहांच्या काळातील लढवय्ये होते, व शिखांचे राज्य गेल्यावर घरची जमीनही बरीचशी गेली. पुढे या कुटुंबाच्या दोन वाटा झाल्या. अर्जुनसिंहांचे बंधू सुर्जनसिंह यांच्या शाखेने सरकारशी जमवून घेतले. अर्जुनसिंहांना ते जमले नाही. ते युनानी औषधोपचार जाणत, उर्दू-फारशी उत्तम वाचीत. स्वामी दयानंदांच्या प्रभावाने ते आर्यसमाजी झाले व जाट शीख शेतकऱ्याच्या घरात नित्य हवन करू लागले. गावकऱ्यांना हे विचित्र वाटले असल्यास नवल नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा प्रौढ गृहस्थ भरले घर सोडून दूरच्या रानात जमीन कसावयास निघाला. चिनाब नदीचा मोठा कालवा १८९२ साली वाहू लागला होता आणि रावी व चिनाब यांच्यामधील ‘सांदल बार’ नावाचे कोरडे रान लागवडीखाली आणण्याची सरकारची योजना होती. दाट वस्तीच्या सात जिल्ह्यांतून कसलेले शेतकरी निवडण्यात आले. त्यांत जालंधर होते, तसाच अंबाला जिल्हाही होता. आज आम्ही राहतो ते मुल्लानपूर १९६६ पर्यंत याच अंबाला जिल्ह्यात, खरड तहसिलीत मोडत असे.

जमीन चौरसांत आखली होती. अकराशे फूट बाजूचा एक चौरस, म्हणजे सुमारे अठ्ठावीस एकर. त्याला ‘मुरब्बा’ म्हणत. (आपल्याकडे मुरब्बा म्हटला की आवळ्याची बरणी डोळ्यांपुढे येते, येथे त्या शब्दावर माणसे जीव टाकीत.) मुरब्ब्याचे पंचवीस ‘किल्ले’ पडत. गावाला नाव नसे, कालव्याच्या शाखेवरून क्रमांक असे. अर्जुनसिंहांचे गाव ‘चक १०५ गाफ बे’, म्हणजे गुगेरा शाखेवरील एकशेपाचवा चक. पण माणसे क्रमांकात राहत नाहीत. खटकर कलांच्या लगतच बंगा नावाचे बाजारगाव आहे. तिकडून आलेल्या वसाहतकऱ्यांनी नव्या गावालाही बंगाच म्हटले. परप्रांतात मंडळ काढणाऱ्यांना यातील भाव समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

रान तोडणे, चर काढणे, पाण्याची पाळी सांभाळणे हे सारे कष्ट अमेरिकेच्या पश्चिम प्रांतांत जाऊन वसलेल्या शेतकऱ्यांसारखेच होते. अमेरिकेतील १८६२ च्या कायद्यान्वये एकशेसाठ एकरांवर पाच वर्षे राहून शेती करणाऱ्यास ती जमीन मालकीची होई. तेथे मूळच्या लोकांची जमीन गेली. सांदल बारमध्येही गुरे चारून राहणाऱ्या ‘जांगली’ जमातींची कुरणे गेली, आणि त्यांच्याविषयी लिहिणारे थोडेच. मुख्य भेद मालकीचा होता. चिनाब वसाहतीत पाच वर्षे अटी पाळणाऱ्या शेतकऱ्यास वहिवाटीचा हक्क मिळे. मालक सरकारच राही. चकातच राहिले पाहिजे, परवानगीशिवाय झाड तोडता कामा नये, अशा अटी. त्या मोडल्या की दंड, आणि दंड बसविणारा अधिकारी खालच्या दर्जाचा. आमचे सारे आयुष्य सरकारी नोकरीत गेले असल्याने नियमपुस्तिका तयार करणाऱ्यांचा हेतू आम्हांस समजू शकतो. परंतु आपल्या हाताने लावलेले झाड आपले नाही, हे शेतकऱ्याला कोणत्या शब्दांत पटवून द्यावे?

ठिणगी पडली ती १९०६ अखेरीस व १९०७ मध्ये. बारी दोआब कालव्याची पाणीपट्टी वाढली आणि पाठोपाठ पंजाबच्या कायदेमंडळात वसाहतींचे नवे विधेयक मंजूर झाले. वारसा कसा चालावा, मृत्युपत्र करता यावे की नाही, न्यायालयात दाद मागता यावी की नाही, सर्वच बाबतींत त्यामुळे शेतकऱ्याचे हात बांधले जाणार होते. अटी पूर्वी जमीन घेतलेल्यांनाही लागू होणार होत्या. रान तोडून झाल्यावर करार बदलण्याचाच हा प्रकार. त्याविरुद्ध उभा राहिलेला सर्वांत प्रखर वक्ता म्हणजे अर्जुनसिंहांचा मधला मुलगा अजितसिंह. १९०७ च्या मार्चमध्ये लायलपूरच्या सभेत बांके दयाळ यांनी ‘पगडी संभाल जट्टा’ हे गीत म्हटले व चळवळीला तेच नाव पडले. मे महिन्यात लाला लजपतराय व जूनच्या आरंभी अजितसिंह यांना पकडून ब्रह्मदेशात मंडालेस धाडण्यात आले. पुढील वर्षी लोकमान्यही त्याच मंडालेस गेले. अजितसिंह व थोरले बंधू किशनसिंह हे लोकमान्यांना १९०६ च्या कलकत्ता काँग्रेसच्या वेळी भेटले होते. त्याआधी १८९८ च्या सुमारास वऱ्हाडातील दुष्काळपीडितांच्या साहाय्यास किशनसिंह गेले होते, असेही कुटुंबाच्या चरित्रात नमूद आहे.

व्हाइसरॉय मिंटो यांनी मे १९०७ मध्येच विधेयकाला संमती नाकारली. जमीन वाचली, पण घर विस्कटले. धाकटे स्वर्णसिंह तुरुंगात जडलेल्या क्षयाने १९१० साली, जेमतेम तेवीस वर्षांचे असताना वारले. अजितसिंह १९०९ साली इराणला निघून गेले ते अडतीस वर्षे परतले नाहीत. हरनामकौर व हुकुमकौर या दोन सुना त्याच घरात वाढत्या वयाच्या झाल्या. अर्जुनसिंहांच्या पत्नी जयकौर मोठ्या धीराच्या होत्या. सूफी अंबाप्रसाद घरात लपलेले असता पोलीस आले, तेव्हा आधी बायकामुलांना बाहेर जाऊ द्या असे म्हणून त्यांनी सूफींना स्त्रीवेषात पार केले, अशी हकीगत आहे.

या चकातच सप्टेंबर १९०७ मध्ये भगतसिंहांचा जन्म झाला. त्याच दिवशी वडील व दोन्ही काका सुटले म्हणून आजीने त्याला ‘भागोंवाला’ म्हटले, ही कथा सर्वत्र सांगतात. अजितसिंहांची मुक्तता नोव्हेंबरमध्ये झाली असल्याने ती तंतोतंत जुळत नाही. पण आजीने नाव दिले असेल, यात संशय घेण्याचे कारण नाही. बागेत आंब्याची रोपे लागत असताना मुलाने मातीत बंदुका पेरल्या, ही आख्यायिकाही याच शेतातील. आम्हांला त्याहून मोलाचे वाटते ते १९१८ च्या जुलैमधील, लाहोरहून आजोबांना उर्दूत लिहिलेले पत्र. संस्कृतात १५० पैकी ११० व इंग्रजीत ६८ गुण मिळाल्याचे दहा-अकरा वर्षांचा नातू त्यात कळवितो. संस्कृताचे गुण वाचून हवन करणाऱ्या त्या वृद्धाला काय वाटले असेल!

मुंजीच्या वेळी अर्जुनसिंहांनी नातवाला देशासाठी अर्पण केल्याचे जाहीर केले होते. पुढे घरात लग्नाची बोलणी सुरू झाली, तेव्हा नातवाने वडिलांना पत्र लिहून त्याच शब्दाची आठवण दिली व तो कानपूरला निघून गेला. आजी आजारी पडल्याचे समजले तेव्हा तो परतला. लग्नाचा विषय मात्र पुन्हा निघाला नाही. २३ मार्च १९३१ रोजी फाशी झाली, त्या वेळी हे आजोबा हयात होते.

पुढचा इतिहास फाळणीचा आहे. पूर्व पंजाबात आलेल्या शेतकऱ्यांनी मागे सुमारे ६७ लक्ष एकर जमीन सोडली. त्यांच्यासाठी येथे होती सुमारे ४७ लक्ष. ज्या रानाच्या मालकीसाठी १९०७ साली एवढा झगडा झाला, ते सारेच सीमेपलीकडे गेले. अजितसिंह मार्च १९४७ मध्ये परतले. हरनामकौर यांनी काही प्रश्न विचारून पती तेच असल्याची खात्री करून घेतली, असे म्हणतात. डलहौसीस १५ ऑगस्ट १९४७ च्या पहाटे अजितसिंहांचा देहान्त झाला. किशनसिंह १९५१ साली गेले. भगतसिंहांच्या मातोश्री विद्यावती खटकर कलांच्या जुन्या घरी राहिल्या आणि १९७५ साली वारल्यावर त्यांचे दहन हुसैनीवाला येथे, मुलाच्या व राजगुरू-सुखदेवांच्या समाधीपाशी झाले.

नीरेच्या कालव्यावर उतरलेल्या सासवडच्या माळ्यांनी १९३२ साली स्वतःचा साखर कारखाना स्थापिला. त्यांचे माळीनगर आजही नांदते आहे. बंग्याच्या वसाहतकऱ्यांना ते भाग्य लाभले नाही. मुल्लानपुरातही गेल्या काही वर्षांत शेतांच्या जागी ‘न्यू चंडीगड’ उभे राहत आहे, आणि आमच्या सोसायटीच्या भिंतीपलीकडे उरलेल्या तुकड्यांत अजून गहू डोलतो. बंधुभगिनींनी सुट्टीच्या दिवशी खटकर कलांस अवश्य जावे. तेथे संग्रहालय आहे व अर्जुनसिंहांनी सोडलेले घर जपून ठेवलेले आहे. सीमेपलीकडे, पूर्वीचे लायलपूर असलेल्या फैसलाबाद जिल्ह्यात, चक १०५ मधील घर आणि भगतसिंह शिकले ती प्राथमिक शाळा, याही वास्तू अलीकडे तेथील लोकांनी दुरुस्त करून जतन केल्या आहेत.