मुंबईच्या सागवानाची 'कॉर्नवॉलिस'

२९ ऑगस्ट १८४२. नानकिंगजवळ यांगत्से नदीत उभ्या असलेल्या ब्रिटिश युद्धनौकेवर चिनी सम्राटाच्या प्रतिनिधींनी तहावर सह्या केल्या. हाँगकाँग बेट गेले, पाच बंदरे खुली करावी लागली, वर २ कोटी १० लाख चांदीचे डॉलर. ही नौका मुंबईत बांधलेली होती.

७४ तोफांची 'कॉर्नवॉलिस' १८१३ मध्ये मुंबई गोदीत पाण्यात उतरली. बांधणारे जमशेटजी बोमनजी वाडिया. लाकूड मलबारी सागवान. ओकच्या आम्लाने लोखंडी खिळे गंजत, सागातील तेलाने ते टिकत. १८१५ मध्ये तिने अमेरिकेच्या 'हॉर्नेट'चा पाठलाग केला. भार हलका करण्यासाठी तोफा समुद्रात लोटून 'हॉर्नेट' कशीबशी निसटली.

मग अफूचे युद्ध. चीनला जाणाऱ्या अफूपैकी माळव्याची बरीच अफू मुंबई बंदरातून रवाना होई. युद्धाला कारण ठरलेल्या मालाचा मोठा वाटा आणि तहाची नौका, दोन्ही एकाच बंदरातले. वाडियांच्या कौशल्याचे कौतुक (रास्तच!) वारंवार होते, ही बाजू मात्र क्वचितच सांगितली जाते.

१८५५ मध्ये तिच्यात वाफेचे इंजिन बसले, १८६५ पासून इंग्लंडमधील शीअरनेस येथे धक्का म्हणून तिचा वापर झाला. ती मोडीत काढली गेली १९५७ मध्ये.