सातबारा आजोबांच्याच नावावर

भूममध्ये उर्दू वाचणारी माणसं आता थोडी उरली. त्यामुळे घराघरांतले जुने कागद माझ्याकडे वाचायला येतात. कागद उघडला की मी आधी सन बघतो. निजामाच्या राज्यात महसुलाचा कारभार उर्दूत चाले आणि वर्ष फसली असे. त्यात ५९० मिळवले की इसवी सन निघतं. १३५७ फसली म्हणजे १९४७-४८, पोलीस ॲक्शनच्या आसपासचा काळ.

मग राज्य बदललं. १९५४-५५मध्ये खासरा पाहणी झाली. १९५६मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आणि १९६०मध्ये महाराष्ट्रात आला. सरकारनं दप्तरं बदलली, आपण घरातली बदलली नाहीत. आजोबांना जाऊन जमाना झाला, सातबारा अजून त्यांच्याच नावावर.

विचारलं तर उत्तर येतं, "सर, हिस्से कुरआननंच ठरवून दिलेत. लिहायचं काय त्यात?"

हिस्से ठरलेले आहेत. वारस कोण, हे मात्र प्रत्येक जन्म-मृत्यूबरोबर बदलतं. हजरत सअद बिन अबी वक्कास मक्केत आजारी पडले तेव्हा त्यांना एकच मुलगी होती. बहुतेक मालमत्ता दान करायची त्यांची इच्छा होती. पैगंबरांनी (स.) वसीयत एक तृतीयांशावर थांबवली, तेवढीही पुष्कळ आहे म्हणाले. सअद बरे झाले, पुढे कादिसियाच्या लढाईत सेनापती झाले आणि त्यांना आणखी मुलंही झाली. आजारपणातला हिशेब तसाच राहिला असता तर?

म्हणून वसीयत एकदा लिहून पेटीत ठेवायची वस्तू नाही. घरात लग्न, तलाक, जन्म, मृत्यू झाला, जमीन घेतली-विकली की ती पुन्हा वाचावी. कर्ज किती, मेहर बाकी आहे का, तेही लिहावं; कारण वाटणीआधी ते फेडावं लागतं. आणि माणूस गेला की वारसाची खबर तीन महिन्यांत तलाठ्याला द्यावी, असं महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ सांगते.

हे लांबलं की सगळ्यात आधी बहिणीचं नाव गळतं. ती सासरी असते, मागत नाही. दोन पिढ्यांनी तिच्या नातवाला ती जमीन कुठल्या गावात होती हेही ठाऊक नसतं. कुरआननं दिलेला हिस्सा नाकारायला भांडावं लागत नाही; फक्त नोंद न करता बसून राहिलं की पुरतं.

जुना कागद वाचून परत देताना मी आता एकच विचारतो, "यातल्या बहिणी कुठं आहेत?"