चहाची पैज आणि डफाची पैज : सवाल-जवाबाचा इतिहास (थ्रेड)

१. वडूजच्या अभ्यासिकेत आम्ही सहा-सात मित्र रोज संध्याकाळी चहाला एकत्र बाहेर पडतो. प्रत्येकाने एक प्रश्न विचारायचा आणि ज्याची उत्तरे सर्वांत कमी त्याने चहाचे पैसे द्यायचे, हा आमचा जुना नेम. गेल्या आठवड्यात मी विचारले, ‘शाहीर हैबती कोणत्या गावचा?’ सगळे गप्प.

२. उत्तर आहे पुसेसावळी. वडूज ज्या खटाव तालुक्याचे मुख्य ठिकाण आहे, त्याच तालुक्यातले हे गाव. दूरदेशांच्या राजधान्या आम्हांला तोंडपाठ होत्या, शेजारचा शाहीर मात्र ठाऊक नव्हता. वास्तविक हैबती ज्या परंपरेतला, ती परंपराच प्रश्न विचारण्याची होती. आजचा थ्रेड त्या भेदिक शाहिरीविषयी.

३. पोवाडा आणि शृंगारिक लावणी आपल्याला परिचित आहे. भेदिक कवन त्यांहून निराळे. ‘भेद’ म्हणजे गूढ, रहस्य. पुराणांतील कथा, वेदान्तातील संज्ञा किंवा संख्यांचे संकेत घेऊन शाहीर कवनातच कोडे घालीत असे. नमुन्यादाखल ही माझी स्वतःची साधी जुळवाजुळव :

नऊ दारांचे घर उभारिले पाच जणांनी मिळून,
धनी निघाला, घर कोसळले. सांगा उत्तर जुळवून.

घर म्हणजे देह, पाच जण म्हणजे पंचमहाभूते आणि धनी म्हणजे जीव.

४. या शाहिरीत दोन पक्ष असत. तुरेवाले शिवाला, म्हणजे पुरुषतत्त्वाला श्रेष्ठ मानीत. कलगीवाले शक्तीला, म्हणजे प्रकृतीला. आधी कोण आणि थोर कोण, हा त्यांचा मूळ वाद. पंडितांच्या सभेत चालणारी तत्त्वचर्चा येथे डफाच्या तालावर गावच्या चावडीपुढे चाले.

५. या पक्षांच्या उगमाची एक आख्यायिका आहे. तुकनगीर नावाचा गोसावी आणि शाह अली नावाचा फकीर यांचा सवाल-जवाब ऐकून एक राजा प्रसन्न झाला. त्याने एकाला तुरा दिला, दुसऱ्याला कलगी. हा दस्तऐवज नव्हे, हे लक्षात ठेवावे. तरीही लोकस्मृतीने काय जपले ते पाहण्याजोगे आहे : समोरासमोर बसलेले गोसावी आणि फकीर, आणि मान मात्र दोघांनाही. मध्य भारतात आणि राजस्थानातही ‘तुर्रा-कलंगी’ची परंपरा आढळते.

६. सामन्याची रीत अशी. डफ आणि तुणतुण्याच्या साथीवर एक फड सवाल गातो, झीलकरी त्याची ओळ उचलून धरतात. समोरच्या फडाने त्याच बैठकीत, कवनातूनच उत्तर द्यायचे आणि वर आपला सवाल टाकायचा. असे रात्र सरेपर्यंत चाले. हरलेल्याचा तुरा उतरवला जाई किंवा डफ काढून घेतला जाई, असे सांगितले जाते.

७. आमच्या परीक्षेत चार पर्याय असतात, अंदाजानेही गुण मिळतात. फडात ती सोय नव्हती. उत्तर नुसते ठाऊक असून भागत नसे, ते तालासुरात बांधावे लागे. शिवाय प्रतिपक्षाला अडकवायचे तर त्याने वाचलेले, ऐकलेले सारे आपणही जाणले पाहिजे. म्हणूनच शाहिराचा सर्वांत जाणता श्रोता त्याचा प्रतिस्पर्धीच असे. तो नसेल तर सवाल कितीही सखोल असो, त्याला अर्थ नाही.

८. हे ज्ञान कोणाचे होते? ज्यांना शास्त्रग्रंथांचे दार बंद होते, अशा अनेकांनी ते कीर्तनातून, पोथीश्रवणातून आणि गुरुमुखातून मिळवले होते. पुढच्या काळातील पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५) यांचे उदाहरण याच्या उलट दिशेचे. वाळवा तालुक्यातील रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी जातीची चौकट मोडून तमाशात आले आणि दलित समाजातील पवळा यांच्यासह फडावर गाजले. मात्र या चित्राला सोनेरी मुलामा देऊ नये. रात्री फडात वाहवा मिळवलेल्या दलित कलावंताला सकाळी गावकुसाबाहेरच परतावे लागे.

९. तो सवाल पुढे उघडपणे विचारला गेला. महात्मा फुले यांच्या पूर्वजांचे गाव कटगुण, तेही खटाव तालुक्यातच. १८७३ साली त्यांनी सत्यशोधक समाजाची स्थापना केली. पुढे सत्यशोधक जलशांनी तमाशाचाच साचा घेतला, सातारा जिल्ह्यातही ते रंगले. गण, गौळण, सवाल-जवाब हे सारे राहिले, प्रश्न मात्र बदलले. ‘माया थोर की ब्रह्म?’ याऐवजी ‘देव आणि माणूस यांच्यामध्ये हा मध्यस्थ कोणी बसवला?’ असे विचारले जाऊ लागले. श्रोत्यांना कवनातून प्रश्न ऐकण्याची सवय पिढ्यान्‌पिढ्यांची होती. जलशाला तीच उपयोगी पडली.

१०. कोकणात ‘शक्ती-तुरा’ या नावाने ही जुगलबंदी आजही जिवंत आहे, मुंबईच्या नाट्यगृहांतही तिचे सामने होतात. आपल्या घाटमाथ्यावर तिचा मोठा ठेवा हस्तलिखित बाडांत आहे. शाहिरांच्या वारसांकडे, माळ्यावरच्या पेटीत, लाल कापडात बांधलेली अशी बाडे असू शकतात. वाळवी आणि ओल कोणाची वाट पाहत नाहीत. आपल्या घरी किंवा गावात असे बाड असेल तर त्याच्या प्रत्येक पानाचे छायाचित्र घ्या. जे अक्षर लागत नाही ते घरातल्या वडीलधाऱ्यांकडून वाचून घ्या, आणि चाल आठवत असेल तर तीही ध्वनिमुद्रित करा. चालीशिवाय भेदिक कवन अर्धेच उरते.

११. आता त्या संध्याकाळकडे परत येतो. पुसेसावळीचे नाव सांगून मी विजयी मुद्रेने चहाचा पेला उचलला. तेवढ्यात आमच्यातल्या एकाने उलट सवाल टाकला, ‘मग हैबतीचे एखादे कवन म्हणून दाखव.’ मला एकही ओळ आली नाही. त्या दिवशीच्या चहाचे पैसे मी दिले.