मदतीचा लगाम आणि लोकशाही

ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, ही म्हण राष्ट्रांच्या व्यवहारालाही लागू पडते. मग देणाऱ्याने टाळीऐवजी लोकशाहीच मागितली, तर ती घेणाऱ्या देशाच्या जनतेच्या पदरात पडेल काय? उपाय सोपा दिसतो. इतिहासाची साक्ष मात्र निराळी आहे.

१९६५-६६च्या अवर्षणात अमेरिकेच्या पी. एल. ४८० कायद्याखालील गव्हावर आपली भिस्त होती. दीर्घ मुदतीचा करार न करता अध्यक्ष जॉन्सन यांनी तो थोडाथोडा सोडला. त्यांना हवे होते ते शेतीधोरणातील बदल आणि व्हिएतनामविषयी सौम्य भाषा. ६ जून १९६६ रोजी मदतगारांच्या आग्रहाखातर रुपयाचे अवमूल्यन झाले. ४ रुपये ७६ पैशांचा डॉलर साडेसात रुपयांना पडू लागला. लगाम खेचला गेला, पण देणाऱ्याच्या सोयीने.

पुढे डिसेंबर १९७१ मध्ये, बांगलादेशच्या युद्धात, अमेरिकेने मदत स्थगित केली ती लोकनियुक्त भारताची. निवडणुकीचा कौल पायदळी तुडविणाऱ्या पाकिस्तानी लष्करशहांकडे अध्यक्ष निक्सन यांचा कल होता. उलट, २५ जून १९७५ रोजी आपल्याकडे आणीबाणी आली, वृत्तपत्रांची मुस्कटदाबी झाली, विरोधी नेते तुरुंगात गेले. तरी मदतगार राष्ट्रांच्या मंडळाने हात आखडता घेतला नाही. ती राजवट मार्च १९७७ मध्ये उलथली ती येथल्या मतदाराने.

मग हा लगाम सर्वथा निरुपयोगी म्हणावा काय? आम्ही तसे म्हणणार नाही. डिसेंबर १९४८ मध्ये डचांनी इंडोनेशियावर पुन्हा हल्ला करून सुकार्नोंना अटक केली. तेव्हा अमेरिकेने डचांच्या त्या वसाहतीसाठी राखलेली मार्शल मदत रोखली. खुद्द हॉलंडची मदत तोडण्याचा धाकही पडला. २७ डिसेंबर १९४९ रोजी इंडोनेशियाला सार्वभौमत्व मिळाले. परंतु तेथे जनता आधीच लढत होती. लगामाने जुलमी हात आवरला. स्वातंत्र्याची आकांक्षा काही त्याने निर्माण केली नाही.

सोलापूरकरांना हे नव्याने शिकविण्याची गरज नाही. १९३० साली या गावाने मार्शल लॉ सोसला. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा येरवड्यात फासावर चढले. त्यांच्यामागे कोणा धनको राष्ट्राचे वजन नव्हते. परक्याची मदत विहीर खणायला कुदळ देऊ शकते. पाण्याचा झरा मात्र आपल्याच जमिनीत असावा लागतो.