शेपटीचं गणित: हायड्रोफॉइल बोर्डाचा तोल नेमका कोण सांभाळतं?

कानांनी ऐकण्यापेक्षा डोळ्यांनी वाचणं ज्यांना आवडतं, त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित मजकूर.

या वेळचा विषय एका श्रोत्याच्या मेसेजमधून आला. मेसेज दोनच ओळींचा: "विंगफॉइल शिकतोय. दुकानात विचारतात, फ्यूजलाज लांब हवा की आखूड, शेपटी मोठी हवी की छोटी? नक्की फरक काय पडतो?" प्रश्न खरेदीचा आहे, पण उत्तरासाठी मी तुम्हाला १८७१ सालच्या पॅरिसमध्ये नेणार आहे. कारण हा प्रश्न बोर्डापेक्षा शंभरेक वर्षांनी जुना आहे.

आधी ज्यांनी हे यंत्र पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लाटेवर चालतो तसाच एक बोर्ड. त्याच्या पोटाखाली उभा दांडा, त्याला म्हणतात मास्ट. मास्टच्या खालच्या टोकाला आडवी नळी, तोच फ्यूजलाज. नळीच्या पुढच्या टोकाला मोठा पंख, मागच्या टोकाला छोटा पंख, म्हणजे शेपटी. वेग आला की पुढचा पंख पाण्याखाली उडायला लागतो आणि बोर्ड माणसासकट पाण्याच्या वर उचलला जातो. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट असतं. म्हणून इतके छोटे पंखसुद्धा एका माणसाला पेलतात. थोडक्यात, हे पाण्यात बुडवलेलं विमानच आहे. आणि विमान म्हटलं की शेपटी आलीच.

आता पॅरिस. १८ ऑगस्ट १८७१. त्विलरी बागेत अल्फाँस पेनो नावाचा एक तरुण हातात खेळणं घेऊन उभा होता. अॅडमिरलचा मुलगा, पण कंबरेच्या आजारामुळे नौदलात जाता आलं नाही. खेळण्याचं नाव प्लॅनोफोर. पंखांची लांबी जेमतेम ४५ सेंटिमीटर, आणि पंखा फिरवायला पीळ दिलेलं रबर. त्याने ते सोडलं आणि ते सुमारे ११ सेकंद, साधारण ४० मीटर, सरळ उडत गेलं. आत माणूस नाही, दोर नाही. स्वतःचा तोल स्वतः सांभाळत ते उडालं.

गुपित शेपटीत होतं. पेनोने पंखाच्या मागे, काही अंतरावर, एक छोटा पंख लावला आणि तो मुद्दाम थोडा खालच्या कोनात बसवला. अशी शेपटी काय करते ते बघा. पुढचा पंख वर उचलतो, शेपटी मागचं टोक हलकेच खाली दाबते. समजा, नाक अचानक वर गेलं. त्याबरोबर शेपटीचा कोन बदलतो, तिचा खाली दाबणारा जोर कमी होतो, मागची बाजू वर येते आणि नाक परत खाली. नाक खाली गेलं तर नेमकं उलट. कोणी काही करायच्या आधीच दुरुस्ती होऊन जाते. संक्रांतीला गोते खाणाऱ्या पतंगाला आपण कागदाची शेपटी बांधतो, हेतू तोच. फक्त पतंगाची शेपटी मागे ओढ लावून काम करते, पेनोची शेपटी पंखासारखी.

पेनोने पुढे खऱ्या विमानाचाही आराखडा केला, १८७६ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. पण ते बांधायला पैसा देणारं कोणी भेटलं नाही. १८८० मध्ये, तिशीतच, त्याने स्वतःचं आयुष्य संपवलं. मला ही गोष्ट दरवेळी चटका लावून जाते. कारण त्याच्या आदल्याच काळात, १८७८ मध्ये, अमेरिकेत एका पाद्र्याने आपल्या दोन लहान मुलांसाठी घरी एक खेळणं आणलं होतं. रबराच्या पिळावर उडणारं, पेनोच्याच कल्पनेवर बेतलेलं. त्या मुलांची नावं विल्बर आणि ऑर्व्हिल राइट.

आणि गंमत म्हणजे, याच राइट बंधूंनी पुढे पेनोची शेपटी नाकारली!

१८९६ मध्ये जर्मनीत ओटो लिलिएंटाल ग्लायडरवरून कोसळून गेला. राइट बंधूंच्या मनात ती भीती होती. म्हणून नाक वर-खाली करणारा पंख त्यांनी मागे न ठेवता पुढे ठेवला. त्यांचा विचार सरळ होता: तोल यंत्राने सांभाळायचा नाही, चालवणाऱ्याने सांभाळायचा, सायकलसारखा. (त्यांचं सायकलचं दुकानच होतं, हे आठवतंय ना?) १७ डिसेंबर १९०३ चं पहिलं उड्डाण १२ सेकंदांचं, सुमारे ३७ मीटरचं. पेनोच्या खेळण्याशी ताडून बघा, आकडे जवळजवळ तेच. फरक एवढाच की खेळणं आपोआप सरळ गेलं, आणि राइटांचं विमान नाक वर-खाली करत गेलं, ऑर्व्हिलला प्रत्येक क्षणी ते सावरावं लागत होतं. १९१० च्या त्यांच्या मॉडेल बी विमानात हा पंख शेवटी मागे गेलाच.

म्हणजे बघा, शेपटीचा वाद पहिल्यापासून एकच आहे. तोल किती यंत्राकडे द्यायचा आणि किती माणसाकडे ठेवायचा?

आता पाण्यात उतरू. १९०६ मध्ये इटलीत एन्रिको फोर्लानिनीने माज्जोरे सरोवरावर हायड्रोफॉइलची बोट ताशी ६८ किलोमीटरच्या आसपास पळवली. त्याचे पंख शिडीच्या पायऱ्यांसारखे एकावर एक होते. बोट जास्त वर आली की वरच्या पायऱ्या पाण्याबाहेर पडायच्या, उचलणारा जोर कमी व्हायचा, बोट परत खाली. काही वर्षांनी टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल आणि त्यांचे सहकारी केसी बाल्डविन या बोटीत बसून आले. मग कॅनडात नोव्हा स्कोशियात त्यांनी स्वतःची एचडी-४ बांधली. ९ सप्टेंबर १९१९ ला तिने ताशी ११४ किलोमीटरचा विक्रम केला. तिलाही शिडीचेच पंख.

आपल्या बोर्डाला ही शिडी नाही. त्याचे पंख पूर्ण पाण्यात असतात. त्यामुळे शेपटी नाक सांभाळते, पण उंची सांभाळत नाही. उंची तुमच्या पायांत. पुढच्या पायावर भार दिला की खाली, मागच्यावर दिला की वर. जास्त वर गेलात तर पंख पाण्याबाहेर येतो, हवा आत ओढतो, जोर एका क्षणात संपतो, आणि तुम्ही धपकन पाण्यात.

हे तंत्र माणसाच्या पायाखाली आलं ते टप्प्याटप्प्याने. १९९० च्या सुमारास अमेरिकेत माइक मर्फी आणि बॉब वूली यांची एअर चेअर आली, बोटीमागे बसून ओढून घ्यायची. तिचं फॉइल काढून लेअर्ड हॅमिल्टन आणि त्याच्या मित्रांनी हवाईमध्ये बोर्डाला लावलं, पाय स्नोबोर्डच्या बुटांत घट्ट अडकवून. २०१६ मध्ये काय लेनीचे व्हिडिओ मोबाइलवर फिरले. बूट नाहीत, ओढणारी बोट नाही, नुसत्या समुद्राच्या फुगवट्यांवर तो तरंगत जातोय. तिथून हा खेळ जगभर पसरला.

आणि आता दुकानातला प्रश्न. लांबी की आकार?

गॅरेजमधला मेकॅनिक घट्ट नट सोडवताना पान्याच्या दांड्यावर पाइप चढवतो, बघितलंय? जोर तोच, पण अंतर वाढलं की पीळ वाढतो. शेपटीचंही तसंच. तिची ताकद म्हणजे क्षेत्रफळ गुणिले पुढच्या पंखापासूनचं अंतर. समजा, शेपटी २०० चौरस सेंटिमीटर आणि अंतर ६० सेंटिमीटर. गुणाकार १२,०००. आता अंतर ५० केलं, तर तेवढ्याच ताकदीला शेपटी २४० ची लागेल.

मग दोन्ही सारखेच झाले? नाही, खरी मेख इथेच आहे. घड्याळाचा काटा आठवा. मध्याजवळ तो हळू सरकतो, टोकाला जास्त अंतर कापतो. बोर्ड डुलतो तेव्हा लांब फ्यूजलाजची शेपटी पाण्यात जास्त वेगाने वर-खाली होते आणि पाणी तिला जास्त विरोध करतं. त्यामुळे डुलणं शमवण्याची ताकद अंतराच्या वर्गाने वाढते. पहिल्या जोडीत २०० गुणिले ६० चा वर्ग, म्हणजे ७,२०,०००. दुसऱ्या जोडीत २४० गुणिले ५० चा वर्ग, म्हणजे ६,००,०००. सावरण्याचा जोर तोच, पण आखूड जोडी डोलणं शमवायला सहाव्या हिश्श्याने कमी पडते. वर मोठी शेपटी पाण्याशी जास्त घासते, वेग खाते.

म्हणून लांब फ्यूजलाज शांत वाटतो. चुकलेल्या पावलाला माफ करतो, पण वळायला आळशी. आखूड फ्यूजलाज चटकन वळतो, पायाने पंप करताना भराभर साथ देतो, पण पायातली प्रत्येक थरथर बोर्डापर्यंत पोचवतो. शेपटीचा कोनही महत्त्वाचा. खाली पातळ पट्टी सरकवून तो अर्धा अंश बदलला तरी पायाला कळतं. कोन वाढवला की आधार वाढतो, पण वेगात बोर्ड वर उसळतो आणि पुढचा पाय दाबून दाबून मांडी भरून येते.

मग गेल्या काही वर्षांत शेपट्या लहान का होत गेल्या? लोक तरबेज झाले हे एक. दुसरं कारण पुढच्या पंखात आहे. आधीचे पंख रुंद, पोळपाटासारखे. आताचे लांब आणि अरुंद. पंख पुढून मागे जितका अरुंद, तितकी त्याला सावरायला शेपटी कमी लागते. उलट उदाहरण ऑलिंपिकचं. २०२४ च्या स्पर्धेत मार्सेच्या समुद्रात आयक्यूफॉइल उतरलं. त्याचा फ्यूजलाज तब्बल ९५ सेंटिमीटरचा! कारण बोर्डावर शीड आहे. वारा शीडाला उंचावर ढकलतो आणि नाक खाली दाबू पाहतो. त्याला तोंड द्यायला लांब दांडाच हवा.

तर मित्रा, माझं उत्तर ऐक. शिकताना लांब फ्यूजलाज आणि मोठी शेपटी घे. त्यात कमीपणा काही नाही, तोल थोडे दिवस पेनोवर सोपवायचा. पाय शिकत गेले की शेपटी छोटी कर, नंतर फ्यूजलाज आखूड. पण एका वेळी एकच गोष्ट बदल, म्हणजे फरक कशामुळे पडला ते पायाला कळेल. आणि जितका तोल यंत्राकडून काढून घेशील, तितका तुला स्वतः सांभाळावा लागेल, हे लक्षात ठेव. राइट बंधूंनी ती किंमत समजून-उमजून मोजली होती.

प्रश्न पाठवत राहा, मंडळी. पुढच्या भागात भेटू.