आरसे घासणारी माणसं

“मुलीला दुर्बीण घ्यायची आहे, कोणती घेऊ?” आपल्या वर्गातल्या कितीतरी जणांनी मला हे विचारलं आहे. नोकरी सॉफ्टवेअरची असली तरी हौस आकाशाची, हे आता सगळ्यांना ठाऊक झालंय. उत्तर फोनवर दोन वाक्यांत देता येतं. पण ते पटायला हवं असेल, तर हौशी माणसांनी दुर्बिणी कशा घडवल्या तो इतिहास थोडा पाहावा लागतो.

विल्यम हर्शेल हा इंग्लंडमधल्या बाथ शहरातला संगीतशिक्षक. १७७३ च्या सुमारास त्याला ताऱ्यांचं वेड लागलं. मोठा आरसा विकत घेणं परवडेना, म्हणून त्याने स्वतःच आरसे करायला घेतले. तेव्हा ते काचेचे नसत, तांबं आणि कथील यांच्या मिश्रधातूचे असत. ओतकामाच्या साच्यासाठी घोड्याची लीद लागे. ती कुटून चाळायला बहीण कॅरोलाइन मदत करी. एका आरशावरून त्याने सलग सोळा तास हात उचलला नाही. त्या वेळी ती त्याला भरवत होती. त्याच्या ६.२ इंची दुर्बिणीतून १३ मार्च १७८१ रोजी, घरामागच्या बागेतून, युरेनस सापडला. पुढच्या वर्षी ग्रिनिच वेधशाळेतल्या दुर्बिणींशी तुलना झाली, तेव्हा या शिक्षकाची दुर्बीण सरस ठरली. कॅरोलाइनने पुढे स्वतः आठ धूमकेतू शोधले आणि १७८७ पासून तिला या कामासाठी वर्षाला ५० पौंड पगार सुरू झाला.

१८५० च्या दशकात चांदीचा मुलामा दिलेले काचेचे आरसे आले. फ्रान्सच्या लेआँ फुकोने ते तपासायची सोपी युक्ती शोधली. आरशासमोर बारीकसा दिवा ठेवायचा आणि परत येणारा प्रकाश पात्याच्या धारेने कापायचा. आरशातला केसाहून कितीतरी सूक्ष्म उंचसखलपणाही सावलीत दिसतो. म्हणजे अचूक आरसा घरच्या टेबलावर तपासता येऊ लागला.

याचा खरा फायदा अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड या कारखान्यांच्या गावाने घेतला. १९२० मध्ये तिथे रसेल पोर्टरने आरसे घासण्याचा वर्ग काढला. पंधरा पुरुष आणि एक स्त्री, बहुतेक यंत्रकारखान्यात काम करणारी माणसं. रीत आजही तीच आहे. सारख्या मापाच्या दोन जाड काचा एकमेकींवर ठेवायच्या, मधे कार्बोरंडमची पूड आणि पाणी घालायचं, आणि घासत राहायचं. वरची काच आपोआप खोलगट होते, खालची फुगीर. नोव्हेंबर १९२५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात या मंडळींवर लेख आला आणि ही हौस देशभर पसरली.

तरी एक अडचण उरली होती, ती स्टँडची. ती सोडवली जॉन डॉब्सनने. हा सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त सोसायटीत, म्हणजे आपल्या रामकृष्ण परंपरेतल्या मठात, १९४४ पासून संन्यासी म्हणून राहत होता. पैसे नव्हते. जहाजाच्या खिडकीची जुनी काच घासून त्याने आरसा केला. नळीला बांधकामात वापरतात तसला पुठ्ठ्याचा पाइप, आणि स्टँड म्हणून प्लायवुडची पेटी. टेफ्लॉनच्या तुकड्यांवर फॉर्मायका टेकवला की दुर्बीण बोटाने ढकलली तरी सरकते आणि हात काढला की तिथेच थांबते. दुर्बिणींपायी १९६७ मध्ये त्याला मठ सोडावा लागला. मग तो फुटपाथवर दुर्बीण मांडून येणाऱ्याजाणाऱ्याला शनी दाखवू लागला. रचनेचं पेटंट त्याने घेतलं नाही. आज जगभर ती ‘डॉब्सोनियन’ नावाने विकली जाते.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. खोक्यावरच्या ‘५२५ पट’ या आकड्याला भुलू नका. आरशाच्या किंवा भिंगाच्या दर मिलिमीटरमागे फार तर दुप्पट वर्धन उपयोगी पडतं, म्हणजे ६० मिमीच्या दुर्बिणीला १२० पट. बजेट असेल तर सहा इंची डॉब्सोनियन घ्या, ती ६० मिमीच्या सहापट प्रकाश गोळा करते. नाभीय अंतराला आयपीसच्या अंतराने भागलं की वर्धन मिळतं. १२०० मिमीच्या दुर्बिणीला २५ मिमीचं आयपीस लावलं तर ४८ पट. सुरुवात नेहमी इथून करा. लडबडणारा तिपाई स्टँड असेल तर चांगली भिंगंही वाया जातात. बघण्याआधी अर्धा तास दुर्बीण बाहेर ठेवा. आरसा रुमालाने पुसू नका. पावसाळ्यात बुरशी धरते, म्हणून झाकणाआड सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. आणि सूर्याकडे, पुढच्या तोंडाला खास सौर फिल्टर घट्ट बसवल्याशिवाय, कधीही पाहू नका. आयपीसला लावायचा फिल्टर उष्णतेने तडकतो.

आपल्याकडे पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी लोकांना आकाश दाखवते आहे. म्हणजे शिकवणारी माणसं जवळच आहेत. म्हणून एक सुचवते. या मेळाव्याची वर्गणी उरली तर ढाल किंवा भिंतीवरच्या घड्याळाऐवजी शाळेला एक सहा इंची डॉब्सोनियन देऊ या. पण एका अटीवर: तिला कपाटात कुलूप लागता कामा नये. महिन्यातून एका संध्याकाळी ती मैदानावर यावी, आणि मुलांबरोबर शाळेच्या शिपाईकाकांनी आणि आणायला आलेल्या आज्यांनीही तिला डोळा लावावा. आरसा घासायला सोळा तास देणं आपल्याला जमणार नाही, पण महिन्याची एक संध्याकाळ आळीपाळीने नक्की जमेल. माझं नाव पहिलं लिहा.