१८६/१०८ : एका आकड्याचा इतिहास

मार्च १९४४ संपत आला होता. वॉशिंग्टनजवळच्या बेथेस्डा नौदल रुग्णालयात हॉवर्ड ब्रुएन या तरुण हृदयरोगतज्ज्ञाकडे एक पेशंट तपासणीसाठी आला. वय ६२. हिवाळ्यात धरलेला खोकला काही केल्या जात नव्हता, म्हणून मुलीनं तपासणीचा आग्रह धरला होता. ब्रुएननं पाहिलं तर चेहरा राखाडी, ओठ निळसर, जरा हालचाल केली की धाप. फुप्फुसात पाणी साचल्याचे आवाज येत होते. हृदय चांगलंच मोठं झालं होतं. रक्तदाब १८६/१०८.

पेशंटचं नाव फ्रँकलिन रूझवेल्ट. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष. दुसरं महायुद्ध ऐन भरात होतं आणि अवघ्या सव्वादोन महिन्यांनी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर फौजा उतरवायच्या होत्या.

ब्रुएनचं निदान सरळ होतं : उच्च रक्तदाब, त्यानं थकलेलं हृदय आणि आता हार्ट फेल्युअर. राष्ट्राध्यक्षांचे खासगी डॉक्टर ॲडमिरल रॉस मॅकइंटायर हे कान-नाक-घशाचे तज्ज्ञ. ते लोकांना सांगत राहिले की तब्येत वयाच्या मानानं ठीक आहे. आजार लपवला गेला हे आज सगळ्यांना माहीत आहे. पण या गोष्टीत त्याहून चक्रावणारी एक बाब आहे. रूझवेल्ट यांचा रक्तदाब त्या दिवशी काही पहिल्यांदा मोजला गेला नव्हता. १९३५ साली तो १३६/७८ होता. १९३७ साली १६२/९८. फेब्रुवारी १९४१ मध्ये १८८/१०५. म्हणजे जगातल्या सर्वांत ताकदवान माणसाचा रक्तदाब वर्षानुवर्षं चढत होता, त्याची नोंदही होत होती आणि त्यावर कुणी काहीही करत नव्हतं.

हा निव्वळ हलगर्जीपणा होता का? तसं म्हणणं सोपं आहे. पण त्या काळच्या बहुतेक चांगल्या डॉक्टरांनीही फार वेगळं काही केलं नसतं.

मोजता येतं, पण कळत नाही

रक्ताला दाब असतो हे इंग्लंडमधल्या स्टीफन हेल्स नावाच्या पाद्र्यानं दाखवलं. त्यानं एका घोडीच्या धमनीत नळी घालून ती काचेच्या उंच नळीला जोडली. रक्त आठ फुटांहून वर चढलं. हे त्यानं १७३३ साली छापलं. माणसावर असला प्रयोग करणं शक्य नव्हतं. त्यासाठी १८९६ साल उजाडावं लागलं. इटलीच्या रिवा-रोची यांनी दंडाला बांधायचा, हवा भरायचा पट्टा आणि पाऱ्याची नळी यांची जोडी जमवली. १९०५ मध्ये रशियाच्या निकोलाय कोरोटकोव्ह यांनी पट्ट्याच्या खाली स्टेथोस्कोप ठेवून ऐकलं. हवा सोडताना ठोके जिथं ऐकू यायला लागतात तो वरचा आकडा, जिथं थांबतात तो खालचा. आजही दवाखान्यात डॉक्टर कानाला स्टेथोस्कोप लावून बीपी बघतात तेव्हा हेच ऐकत असतात.

आकडा मिळाला, पण त्याचा अर्थ लागायला आणखी अर्धशतक गेलं. तेव्हाची समजूत अशी : वय वाढलं की धमन्या कडक होतात, अरुंद होतात. मग मेंदूला आणि मूत्रपिंडांना रक्त पोचवायला शरीर मुद्दाम दाब वाढवतं. तो दाब गरजेचा आहे. म्हणूनच या आजाराच्या इंग्रजी नावात आजही ‘आवश्यक’ या अर्थाचा शब्द आहे. दाब उतरवला तर उलट अवयव उपाशी पडतील, त्याला हात लावू नये, असं नामवंत हृदयरोगतज्ज्ञ पाठ्यपुस्तकांतून लिहीत होते.

एका धंद्याला मात्र शंका आली होती. आयुर्विमा कंपन्या. विमा काढणाऱ्याचं बीपी मोजायला अमेरिकेतल्या काही कंपन्यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच सुरुवात केली. ज्यांचा आकडा जास्त, ते लवकर जातात आणि पैसे लवकर द्यावे लागतात, हे त्यांच्या वह्यांत स्पष्ट दिसत होतं. त्यांना कारणाशी घेणंदेणं नव्हतं. त्यांनी हप्ता वाढवला. डॉक्टर मंडळी अजून ‘वयाच्या मानानं ठीक’ म्हणत होती.

आणि समजा डॉक्टरांनी मानलं असतं, तरी हातात काय होतं? ब्रुएननं रूझवेल्ट यांना डिजिटॅलिस दिलं. त्यानं थकलेल्या हृदयाला जोर येतो, पण रक्तदाब उतरत नाही. मीठ कमी, सिगारेटी कमी, आराम जास्त. त्या काळात मज्जातंतू कापण्याची मोठी शस्त्रक्रिया करत. किंवा महिनोनमहिने बिनमिठाचा भात आणि फळं खायला लावत. कामधाम करत घ्यावं असं औषध नव्हतं. ब्रुएननं पुढं लिहिलं की रूझवेल्ट यांनी त्याला कधीच विचारलं नाही, मला झालंय काय.

नॉर्मंडी झाली. नोव्हेंबरमध्ये रूझवेल्ट चौथ्यांदा निवडून आले. फेब्रुवारी १९४५ मध्ये ते याल्टाला स्टालिन आणि चर्चिल यांच्याबरोबर युरोपचं भवितव्य ठरवायला बसले. शेवटच्या काही महिन्यांत आकडा २६०/१५० पर्यंत गेला होता. १२ एप्रिल १९४५ रोजी जॉर्जियातल्या वॉर्म स्प्रिंग्ज इथं चित्रकार त्यांचं पोर्ट्रेट काढत असताना डोक्याच्या मागच्या बाजूला प्रचंड दुखतंय असं ते म्हणाले आणि कोसळले. मेंदूत रक्तस्राव झाला होता. बीपी ३००/१९०. दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी सगळं संपलं. मॅकइंटायर यांनी सांगितलं की हे अगदी अचानक घडलं. ब्रुएनची टिपणं १९७० साली छापून आली, तेव्हा त्या ‘अचानक’ची खरी लांबी जगाला कळली.

पाच हजार निरोगी माणसं

तीन वर्षांनी, जून १९४८ मध्ये, रूझवेल्ट यांच्यानंतर आलेल्या हॅरी ट्रुमन यांनी राष्ट्रीय हृदय कायद्यावर सही केली. हृदयविकार हा तेव्हा अमेरिकेतला सर्वांत मोठा मारेकरी होता आणि तो का होतो हे कुणालाच धड माहीत नव्हतं. बॉस्टनच्या पश्चिमेला तीसेक किलोमीटरवर फ्रॅमिंगहॅम नावाचं गाव आहे. वस्ती तेव्हा २८ हजार. क्षयरोगावरच्या अभ्यासाला या गावानं पूर्वी साथ दिली होती. त्याच शरद ऋतूत तिथं काम सुरू झालं.

कल्पना तेव्हा विचित्र वाटावी अशी होती. आजारी माणसांना बाजूला ठेवून हृदयविकार नसलेली माणसं निवडायची. ३० ते ६२ वयाचे ५,२०९ स्त्री-पुरुष. अर्ध्याहून जास्त स्त्रिया. दर दोन वर्षांनी त्यांना बोलवायचं, बीपी, वजन, ईसीजी, रक्त तपासायचं, सिगारेट किती ओढता विचारायचं आणि घरी पाठवायचं. औषध द्यायचं नाही, उपचार करायचे नाहीत. मग थांबायचं. कुणाला झटका येतो, कुणाला येत नाही, ते बघायचं आणि मागच्या नोंदी उलगडायच्या.

या कामात नाट्य नाही. एखादा शोध एका रात्रीत लागला, असंही नाही. शिंपी, शिक्षिका, कारखान्यातले कामगार, गृहिणी अशी माणसं येत राहिली आणि कारकून आकडे भरत राहिले. १९५७ साली पहिल्या चार वर्षांचा हिशेब लागला. ज्यांचं बीपी जास्त होतं त्यांच्यात हृदयविकाराचं प्रमाण जवळजवळ चौपट होतं. १९६१ मध्ये विल्यम कॅनेल, थॉमस डॉबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी मोठा हिशेब मांडला, त्यात कोलेस्टेरॉलही आलं. लवकरच सिगारेटही यादीत आली. आपण आज सहज वापरतो तो ‘रिस्क फॅक्टर’ हा शब्द याच कामामुळं रूढ झाला.

‘वयाच्या मानानं ठीक’ या वाक्याचा आधार इथं सुटला. हृदयविकार नशिबात असतो किंवा म्हातारपणाचा भाग असतो, ही समजूत मागं पडली. तो येण्याआधी दहा-वीस वर्षं खुणा दिसतात, त्या मोजता येतात, हे कळलं. पण प्रश्न उरलाच. दाब वाढलेला धोक्याचा, मान्य. तो उतरवला तर माणूस वाचतो का? आणि उतरवायचा कशानं? या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तराचा एक तुकडा मुंबईत, परळला तयार होत होता.

परळची मुळी

सर्पगंधा ही आपल्याकडची जुनी वनस्पती. बिहार-बंगालकडे तिची मुळी झोप न येणं, वेड लागणं, साप चावणं अशा सगळ्यांवर देत. १९३१ साली कोलकात्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिनं रक्तदाब उतरतो असं लिहिलं. त्याच सुमारास दिल्लीत सलीमुज्जमाँ सिद्दिकी या रसायनशास्त्रज्ञानं तिच्यातून काही शुद्ध द्रव्यं वेगळी काढली. पण भारतातल्या नियतकालिकांत छापलेलं पश्चिमेत कोण वाचणार?

मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ती मुळी अनेक वर्षं आपल्या पेशंटना देऊन पाहिली. मग रक्तदाबाचे ५० पेशंट निवडले, ठरावीक डोस दिला, आकडे टिपले आणि १९४९ साली निबंध ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापला. जगभरचे हृदयरोगतज्ज्ञ वाचत असलेलं ते नियतकालिक. बॉस्टनचे रॉबर्ट विल्किन्स यांनी ही मुळी मागवून आपल्या पेशंटवर वापरली. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतल्या शास्त्रज्ञांनी तिच्यातलं मुख्य द्रव्य वेगळं केलं : रिसर्पीन. १९५७ साली वकील यांना अमेरिकेतला मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला.

जुनं ते सोनं म्हणून छाती फुगवायची ही गोष्ट नाही. मुळी शतकानुशतकं होती. वकील यांनी केलं ते एवढंच की दिली, मोजली, लिहून ठेवली आणि इतरांना पडताळता येईल अशा ठिकाणी छापली. रिसर्पीननं काही पेशंटना नैराश्य येतं हेही पुढं मोजूनच कळलं. आज त्याहून चांगली औषधं असल्यानं ते फारसं वापरत नाहीत. तेव्हा सर्पगंधाचं चूर्ण स्वतःच्या मनानं घेण्याचा मोह टाळलेला बरा.

१९५८ मध्ये लघवीवाटे मीठ-पाणी बाहेर काढणारी क्लोरोथायझाइडची गोळी आली. आता शेवटचा पुरावा हवा होता. एडवर्ड फ्रीस यांनी अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत १४३ पुरुष निवडले. सगळ्यांचा खालचा आकडा ११५ ते १२९. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले. ७३ जणांना तीन औषधं, ७० जणांना तशाच दिसणाऱ्या पोकळ गोळ्या. कुणाला काय मिळतंय हे ना पेशंटला माहीत, ना तपासणाऱ्या डॉक्टरला. दोनेक वर्षांतच निकाल इतका स्पष्ट झाला की प्रयोग थांबवावा लागला. पोकळ गोळ्यांच्या गटात २७ जणांना गंभीर त्रास झाला, कुणाला पक्षाघात, कुणाचं हृदय थकलं. औषधाच्या गटात तो आकडा होता २. हे १९६७ साली छापलं गेलं.

त्या तीन औषधांपैकी एक होतं रिसर्पीन.

आता अडतं कुठं

म्हणजे १९४४ मध्ये ब्रुएनकडे जे नव्हतं ते पंचवीस वर्षांच्या आत तयार झालं : धोक्याचा पुरावा, स्वस्त गोळ्या आणि त्या गोळ्यांनी माणसं वाचतात याचा पुरावा. आज प्राथमिक आरोग्य केंद्रातही ॲम्लोडिपीनसारखी गोळी मिळते. २०१७ साली सुरू झालेल्या सरकारच्या उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात पहिल्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता.

तरी माणसं जातात. कारण बीपीला लक्षण नसतं. रूझवेल्ट यांनाही १९३७ मध्ये काही होत नव्हतं. डोकं दुखेल, गरगरेल तेव्हा बघू, हा आपला हिशेब मुळातच चुकीचा आहे. शिवाय फ्रॅमिंगहॅमची माणसं जवळजवळ सगळी गोरी अमेरिकन होती. आपल्याकडचं चित्र त्याहून घाईचं आहे. ५२ देशांत झालेल्या आणि २००४ साली छापलेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका इतर देशांतल्या लोकांच्या तुलनेत पाचेक वर्षं आधी आलेला दिसला. कारणं बहुतेक तीच जुनी : तंबाखू, कोलेस्टेरॉल, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर. फक्त आपल्याकडे ती लवकर जमतात. म्हणून ‘तिशीत कसलं बीपी?’ हा प्रश्न ‘वयाच्या मानानं ठीक’ याचाच धाकटा भाऊ आहे.

दुसरी अडचण गोळी सुरू झाल्यावरची. आकडा खाली आला की ‘बरं झालं’ म्हणून गोळी बंद. आकडा खाली आलाय तो गोळीमुळं, हे डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा सांगूनही घरोघरी विसरलं जातं.

मोजण्याची रीत साधी आहे. अर्धा तास आधी चहा-सिगारेट नको. पाच मिनिटं शांत बसा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात टेबलावर हृदयाच्या पातळीला. बोलू नका. दोनदा मोजा. एकदा जास्त आलं म्हणून घाबरू नका. वेगवेगळ्या दिवशी १४०/९० किंवा त्याहून जास्त येत राहिलं तर मात्र डॉक्टरकडे जा. आकडा १८० किंवा १२०च्या पुढं असेल आणि छातीत दुखत असेल, धाप लागत असेल किंवा हातपाय लुळे पडत असतील, तर वाट न बघता थेट रुग्णालय गाठा.

पाच हजार अनोळखी माणसांनी आयुष्यभर दर दोन वर्षांनी दंड पुढं केला, म्हणून आपल्याला त्या आकड्याचा अर्थ माहीत आहे. आपल्याला तो वर्षातून एकदा पुढं करायचा आहे. आई-वडिलांचा, आणि आपलाही.